सायराभाभीचा पहारा

हर्षालीच्या मनगटात काच घुसली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. पदराचं टोक ओढून मनगटावर दाबून धरलं आणि दुसरा हात पुढं केला. समोर मांडी घालून बसलेल्या सायराभाभीनं तो हात आपल्या हातात घेतला, तळवा कणकेसारखा मळून मऊ केला आणि नव्या बांगडीला वाट करून देत म्हणाली, की मगाची एक फुटली ती वाढवली बघ पोरी, नजर उतरली समज. हर्षालीनं नुसती मान डोलवली. ओसरीच्या दुसऱ्या कडेला सुपारी कातरत बसलेल्या तिच्या सासूला, साळुबाईला, पदरावर पसरत चाललेला लाल डाग दिसला. पण डागापेक्षा सुनेचं गप्प बसणं तिला जास्त दिसलं. लग्नात माप ओलांडून ही पोर घरात आली तेव्हाही साळुबाईला तिचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

सायराभाभी जुन्नरची. सकाळच्या एसटीनं यायची, पाठीवर बांगड्यांचं गाठोडं, हातात पेटी, आणि डिंभे धरणाच्या पाटाखालच्या त्या गावात घरोघर बसून काच भरायची. मंचरच्या दुकानांत आता प्लास्टिकच्या, मेटलच्या, टीव्हीतल्या बायका घालतात तसल्या बांगड्या ढिगानं मिळत होत्या. पण गावातली एक बाई दुसऱ्या कुणाच्या हातून काच भरून घेईल तर शपथ. लेकीचा चुडा असो नाहीतर सुनेचं डोहाळजेवण, भाभीच्या एसटीची वाट बघितली जायची. एसटी आली नाही तर मुहूर्त थांबायचा, भाभीला बोल लागायचा नाही.

साळुबाईचं आणि तिचं नातं तर गिऱ्हाइकाच्या पलीकडचं. साळुबाईच्या लग्नात चुडा भरायला भाभीची सासू आली होती आणि नवी नवरी सायरा तिच्या मागं पेटी धरून उभी होती. दोघी एका वयाच्या, दोघीही तेव्हा भांबावलेल्या. पुढं सायराचा नवरा गेला, काही वर्षांनी साळुबाईचाही गेला. सायरानं धंदा हातात घेतला. साळुबाईनं शेत आणि पोरगा हातात घेतला आणि काच उतरवली ती कायमची. तरी भाभी आली की ओसरीवर सतरंजी टाकायची ती साळुबाईनंच. सुनेचे, शेजारणींचे हात भरले जाताना ती शेजारी बसून सुपारी कातरायची आणि दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या, की शेवटची एसटी पकडायला भाभीला पळत जावं लागायचं.

आता पळणं बंद झालं होतं. भाभीला दिसेनासं झालं होतं. घोडेगावला डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा ती रांगेत उभी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलाय, त्यात अंगात साखर, हे शिबिराचं काम नाही, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा. ही गोष्ट ती गावभर हसत हसत सांगायची. माझी बोटं डोळ्यांहून शहाणी हायेत, म्हणायची. बोटं शहाणी होतीच, पण काच कुठं तडकली आहे ते बोटाला वेळेवर कळत नाही. शिमग्याआधीच्या त्या महिन्यात हर्षालीचं मनगट काही पहिलं नव्हतं. कुशाबाईच्या भाचीला लागलं होतं, वाडीवरच्या दोघींना लागलं होतं. सगळ्यांनी पदराखाली हात लपवला आणि सगळ्या गप्प राहिल्या.

पैसे देऊन टाकावेत इतकं हे सोपं असतं तर साळुबाईनं केव्हाच दिले असते. पण सायराभाभी म्हणजे मानी, आणि मानी तरी किती? कुणाच्या घरी चहा घेतला तर त्या घरातल्या पोरीच्या हातात एक फुकट बांगडी चढवल्याशिवाय उठायची नाही. तिचा मुलगा दस्तगीर भिवंडीला रिक्षा चालवायचा, त्याचा पैसाही ती घ्यायची नाही, त्याचंच त्याला पुरत नाही म्हणायची. मागं एकदा साळुबाईनं धीर करून, ऑपरेशनचं मी बघते, असं सरळ म्हणून पाहिलं होतं. भाभीनं अर्धा राहिलेला चहा खाली ठेवला, गाठोडं उचललं, आणि पुढं कितीतरी दिवस ती गावात आली तरी साळुबाईच्या ओसरीवर चढली नाही. ते दिवस साळुबाईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. मैत्रीण राखायची तर तिचे डोळे जाणार आणि डोळे राखायचे तर मैत्रीण जाणार, अशी ही अडचण होती.

त्या दिवशी मनगटाला हळद लावताना हर्षालीनं तोड काढली. तिचं माहेर पुण्याकडचं. तिकडं तिनं रोपांची विक्री बघितली होती, बायका घरची रोपं आणतात, लोक विकत घेतात आणि पैसा चांगल्या कामाला जातो. आपल्या महिला मंडळानं तसं केलं तर? वर्गणी काढली तर चार घरं फिरून व्हायच्या आत भाभीला कळणार. विक्रीत कुणाचं नाव घ्यायला नको. पाटाला पाणी आल्यापासून चैत्रातसुद्धा प्रत्येकीचं परडं हिरवंगार असतं, रोपांना काय तोटा?

साळुबाई मंडळाची अध्यक्ष होती आणि अध्यक्ष असून आजवर तिनं हळदीकुंकवापलीकडं काही केलं नव्हतं. तिला ही कल्पना एवढी आवडली की तिनं त्याच संध्याकाळी बायका जमवल्या. भाभीसाठी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? जत्रेच्या आदल्या दिवसाचं ठरलं. जत्रेला लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणेरावळे असतात, गाव भरलेलं असतं. जागा मारुतीच्या देवळापुढचा पार, कारण तिथं पिंपळाची सावली. पाराखाली एक पेटी ठेवायची आणि विचारलंच कुणी तर सांगायचं, एका गरजू बाईच्या औषधपाण्यासाठी आहे. नाव घ्यायचं नाही.

मग गावात जी धांदल उडाली ती विचारू नका. तेलाचे डबे, डालड्याचे डबे, रंगाचे डबे, दुधाच्या पिशव्या, फुटके माठ, जे हाताला लागेल त्याच्या बुडाला भोकं पडली. शेणखत पाट्यांनी आलं. कुशाबाईची अबोली, तिची जीभ जेवढी तिखट तेवढी तिची अबोली देखणी. बायडाबाईचा कढीपत्ता. बायडाबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी बाई आणि रीतिरिवाजाची शेवटची कचेरी, तिच्यापुढं अपील नाही. तिनं पहिलाच हुकूम काढला, की तुळस विकायची नाही, तुळशीचे पैसे घेतले तर घराला लागतात. तुळशी बाजूला झाल्या. मग मोगरा, तगर, गुलबक्षी, गवती चहा, शेवग्याच्या फांद्या, मिरचीची रोपं, असं करता करता साळुबाईच्या परसात पाय ठेवायला जागा राहिली नाही. तिचा मुलगा भगवंत सकाळी मोटारसायकल बाहेर काढताना वैतागायचा, पण पाण्याची झारी त्यानंच आणून दिली.

या सगळ्यात भाभी आली आणि अर्थातच तिनं विचारलं, की कोण गं ती गरजू बाई? साळुबाईनं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"हाये एक," ती म्हणाली. "लई मानी हाये. तिचं नाव काढायचं न्हाई असं ठरलंय."

"मग बराबर हाये," भाभी म्हणाली. "मानी माणसाचं नाव काढू न्हाई."

आणि पुढच्या फेरीला गाठोड्याबरोबर तिनं बिस्किटाच्या डब्यात लावलेला देशी गुलाब आणला. जुन्नरच्या तिच्या अंगणातला, सासूच्या हातचा, त्याच्या फांदीचं हे रोप. एसटीत मांडीवर धरून आणला होता. शिवाय तिनं जाहीर केलं, की विक्रीच्या दिवशी रोपांपाशी मीच बसणार. तुम्हा बायकांना गिऱ्हाईक काय कळतं, कुणीही गोड बोलून फुकट घेऊन जाईल. नाही कसं म्हणायचं? ज्या बाईसाठी विक्री, तीच पहाऱ्याला बसणार, आणि तिला हातभरावरचं माणूस ओळखू येत नव्हतं.

विक्रीचा दिवस उजाडला. पारावर रोपं मांडली तेव्हा साळुबाईला स्वतःच्याच गावाची दृष्ट काढावीशी वाटली. डब्यांना गेरू लावलेला, अबोली केशरी, मोगऱ्याला कळ्या. मधोमध पोत्यावर भाभी, पाठ ताठ, डोक्यावरून पदर, एखाद्या फौजदाराच्या थाटात. बायका येत होत्या. माहेरवाशिणी येत होत्या. प्रत्येक रोपापाशी थांबून वा वा करत होत्या, हे कुणाच्या परसातलं, त्याला फूल कसं येतं, सगळी चौकशी करत होत्या. आणि विकत मात्र कुणी घेत नव्हतं.

ऊन चढलं तशी साळुबाई पाराभोवती येरझाऱ्या घालायला लागली, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचं तिला हसू आलं की रडू, तिलाच कळेना. अहो, या मुलखात विकत घेतलेलं रोप लागत नाही हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मागून आणलेलं कसंबसं लागतं. चोरून आणलेलं मात्र हमखास फोफावतं. गावात कुणाची सोन्याची पोत रस्त्यात पडली तर संध्याकाळपर्यंत घरी पोचती होते, पण गुलाबाच्या फांदीच्या बाबतीत देवमाणसावरही भरवसा ठेवू नये. हर्षाली पुण्याकडची, तिला हे माहीत नसणारच. पण इथंच जन्म गेलेल्या सगळ्याजणी उत्साहाच्या भरात हे साफ विसरल्या होत्या. म्हणजे रोपं द्यायची होती तेव्हा विसरल्या होत्या. घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना बरोबर आठवलं.

कारण रोपं कमी होत होती. साळुबाईनं डोळे चोळून पाहिलं. मिरचीची एक रांग गेली होती. मोगऱ्याच्या जागी नुसता गोल ओला डाग होता. एखादी बाई भाभीशी जावयाच्या तब्येतीबद्दल बोलत उभी राहायची, तिच्यामागून दुसरीचा हात यायचा आणि डबा पदराखाली जायचा. आणि गंमत म्हणजे चोरी केलेली बाई तशीच सरळ खाली उतरून पेटीपाशी जायची, कनवटीची नोट काढून घडी करून आत टाकायची आणि शेजारणीला मोठ्यानं सांगायची, की हे रोपाचे नव्हेत हो, हे असेच, त्या बाईच्या औषधाला. दान ते दान, चोरी ती चोरी. एकाचा विटाळ दुसऱ्याला लागू द्यायचा नाही, एवढी काळजी प्रत्येकजण घेत होती.

साळुबाईच्या जिवात जीव आला. येऊ दे पेटीत, वाटेल त्या वाटेनं येऊ दे. आणि मग, सांगायला तिला पुढंही लाज वाटली, पण तिचं लक्ष बिस्किटाच्या डब्यातल्या देशी गुलाबाकडं गेलं. वाडीवरची एक माहेरवाशीण दोनदा त्याच्याभोवती घुटमळून गेली होती. भाभीच्या अंगणातला गुलाब दुसऱ्या कुणाच्या दारी लागलेला साळुबाईला बघवला नसता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, भाभीच्या मागून हात घातला आणि अध्यक्षबाईंनी डबा उचलून पाराच्या मागं नेऊन ठेवला.

सगळं असंच निभावून गेलं असतं. पण भाभी धंदेवाली बाई. इतका वेळ झाला आणि भाव विचारल्याचा एक शब्द कानावर आला नाही, हे तिला सोसवेना. तिनं कुशाबाईला हाक मारून जवळ बोलावलं. म्हणाली, की अगं कुशे, गिऱ्हाईकच न्हाई, मग त्या बिचारीचं औषध व्हायचं कसं? तुमच्या गावाला माया न्हाई का? आणि तिनं कमरेचा बटवा सोडला, त्यातली घडी घातलेली नोट चाचपून काढली आणि कुशाबाईच्या हातात देत म्हणाली, "माझ्याकडनं टाक पेटीत. नाव नको सांगू."

कुशाबाईनं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, कुणापुढं माघार घेतली नव्हती. पण ती नोट हातात आली आणि तिनं ती तशीच परत भाभीच्या मुठीत कोंबली.

"भाभी, तू नको गं टाकू," ती म्हणाली. "तुझ्याच तर डोळ्यासाठी चाललंय हे."

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण शब्द सुटला तो सुटला. जिच्या पदराखाली मिरचीचं रोप होतं ती तशीच उभी राहिली. साळुबाईला वाटलं, संपलं. आता ही गाठोडं उचलणार, एसटीत बसणार आणि पुन्हा या गावाचं नाव घेणार नाही. ओसरीवरची सतरंजी आपण आता कुणासाठी टाकायची?

"साळू, खरं का हे?" भाभीनं विचारलं.

"खरं हाये," साळुबाई म्हणाली. "तू सोडून जाशील म्हनून सांगितलं न्हाई. भ्याले मी."

भाभी उठली. पण गाठोड्याकडं गेली नाही. वाकून, हातांनी चाचपत ती रोपांच्या रांगेवरून निघाली. इथं डबा, इथं डबा, इथं नुसती ओली फरशी, इथंही फरशी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती गेली आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"पहाऱ्याला मी," ती म्हणाली. "आन माझ्या नाकासमोरनं निम्मा मळा उचलून नेलात. तुमास्नी वाटलं, हिला काय दिसतंय."

पदराखालचे डबे आणखी आत ओढले गेले.

"दिसत न्हाई. पर या गावात वाजतंय ते सगळं मी माझ्या हातानं भरलंय. पयली चोरी बायडाबाईची. जाड काच आन तिच्यावर चांदीचं कडं, तसा आवाज दुसरा न्हाई. अबोली नेली."

रीतिरिवाजाच्या कचेरीनं पदर तोंडावर ओढून घेतला. भाभी पुढं सांगत गेली. कुशीच्या बांगड्या भांडताना वाजतात तशाच चोरतानाही वाजतात, मोगरा तिनं नेला. देवळाशेजारच्या दोघी जावांनी मिळून तगरीचा माठ उचलला, एकीची नवी काच, एकीची जुनी, जुनी जरा बद्द वाजते. मुंबईहून आलेल्या लेकीच्या हातात लाखेचं आहे, ते माझं नव्हे, पण तिला रोप काढून देणाऱ्या आईचे हात माझेच आहेत. एकेक नाव निघत होतं आणि जिचं निघेल तिच्याभोवती हशा फुटत होता. हळूहळू पदराखालचे डबे बाहेर यायला लागले. शेवटी सगळा पार हसत होता आणि त्या हसण्यात आपला कुणी एवढा हिशोब ठेवतं याचा एक ताठा होता. चोरी पकडली गेली म्हणून इतक्या बायका एकदम खूश झालेल्या गावानं त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

हसणं जरा ओसरल्यावर भाभीनं हात वर केला.

"राखण मी केली, चोरी तुमी केली," ती म्हणाली. "मग पेटीत पडलाय तो दंड हाये, दान न्हाई. दंड राखणदाराचा. तो घ्यायला सायराबानूला लाज न्हाई वाटायची. ज्यांनी अजून भरला न्हाई त्यांनी भरा."

साळुबाईला हे कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. घेतला बाईनं, पैसा घेतला, आणि मान एवढीसुद्धा खाली न घालता घेतला. उलट पेटीपुढं आता रांग लागली होती आणि भाभी दंड वसूल करत असल्यासारखी शेजारी उभी होती. आपली मैत्रीण म्हणजे काय चीज आहे हे गावाला आज दिसलं, याचा साळुबाईला इतका अभिमान वाटला, की पदरानं डोळे पुसत ती मोठ्यानं हसायला लागली.

भाभीनं हर्षालीला जवळ बोलावलं. तिचं मनगट हातात घेतलं आणि भरून आलेल्या जखमेवरून अंगठा फिरवला.

"रगत मला दिसलं न्हाई पोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "पर बोटाला वलं लागतं की. तू गप बसलीस, मग मी बी गप बसले. ही जत्रा झाली की गाठोडं ठेवून देणार व्हते मी कायमचं. कान चोर धरून देतात, काच भरायला डोळंच लागतात."

हर्षालीनं सासूकडं पाहिलं. एवढे दिवस सगळ्याजणी भाभीपासून लपवत होत्या आणि भाभी त्यांच्यापासून. साळुबाई पुढं झाली आणि आता सगळं झालं, चल घरी जेवायला, असं म्हणाली.

"सगळं कुठं झालंय?" भाभी म्हणाली. "एका चोराचं नाव राहिलंय. माझ्या पाठीमागनं एक हात आला, तो वाजलाच न्हाई. गावात असला एकच हात माझ्या इतक्या जवळ येतो. गुलाब कुठं ठेवलास साळू?"

साळुबाईनं पाराच्या मागं बोट दाखवलं आणि मग भाभीला बोट दिसणार नाही हे आठवून तोंडानं सांगितलं. कनवटीला हात घातला आणि म्हणाली, किती दंड ते सांग.

"तुझा दंड पैशानं न्हाई फिटायचा," भाभी म्हणाली. "मी पुण्याहून डोळं घेऊन आले की पयला हात तुझा. दोन तरी काचा भरायच्या. न वाजणारा हात मला या गावात नको."

नवरा गेलेल्या बाईनं काच भरायची नाही ही रीत, आणि रीतीची कचेरी दोन हातांवर बसलेली. साळुबाईनं स्वतःच्या मनगटांकडं पाहिलं. नांगरटीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं या हातांनी केलं होतं, पण इतक्या बायकांदेखत त्यांच्याकडं कुणी बघितलं की आजही ती ते पदराआड घ्यायची. तिला हवं होतं का नको होतं? हवं होतं. फार हवं होतं, आणि ते कुणी आजवर विचारलंच नव्हतं. तिनं बायडाबाईकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

बायडाबाईनं तोंडावरचा पदर खाली केला. मांडीवरचं चोरीचं अबोलीचं रोप नीट केलं.

"दंड हाये तो," ती म्हणाली. "दंडाला न्हाई म्हनता येत न्हाई. भर गं साळू."

भगवंत आणि हर्षाली भाभीला पुण्याला घेऊन गेले. ऑपरेशन नीट झालं. वैशाखाच्या कडक उन्हात एक दिवस सायराभाभी काळा चष्मा लावून एसटीतून उतरली आणि ओसरीवर चढेपर्यंत वाटेतल्या चार परसांत तिनं आपल्या पहाऱ्यातली रोपं ओळखून दाखवली. सतरंजीवर बसून तिनं पेटी उघडली, कितीतरी वेळ नुसते रंग बघत राहिली आणि त्यातून मोरपंखी निवडल्या. साळुबाईचा तळवा कामानं निबर झाला होता. भाभीनं तो मळला, तेल लावून पुन्हा मळला, आणि डोळे बारीक करून एकेक काच चढवली. एकही वाढवली नाही. हर्षाली दारात उभी होती आणि तिच्यामागं निम्मं गाव होतं, पण साळुबाईनं या खेपेला हात पदराआड नेला नाही.

त्या संध्याकाळी घरातली सगळी भांडी घासून झाल्यावर साळुबाईनं हातातल्या काचा वाजवत फळीवरची, आधीच लख्ख असलेली पितळेची भांडीही घासायला काढली.